डाव्या पायाचं औषध उजव्या पायाला

आमच्या गावात आजारी माणसाला भेटायला कोणी सफरचंदं घेऊन येत नाही. येणारा औषध घेऊन येतो. पिशवीत पाला, कागदाच्या पुडीत भुकटी, नाहीतर खोकल्याच्या जुन्या बाटलीत कसलंसं तेल. आणि आलेल्या माणसाचे दोन हक्क ठरलेले असतात. एक जखम पाहण्याचा, आणि दुसरा आपलं औषध आपल्या डोळ्यांसमोर लावून घेण्याचा. चहाचा नंबर त्यानंतर. राळेगाव तालुक्यातल्या या गावात मी सून म्हणून आले, पुढे इथल्याच शाळेत शिकवायला लागले, निम्म्या गावाकडून मी बाराखडी गिरवून घेतली आहे. पण या दोन हक्कांपुढे माझं कधी काही चाललं नाही.

माझ्या नवऱ्याला शुगर आहे. बारा-तेरा वर्षं झाली, पण तो तिला फारसा मान देत नाही. सकाळी गोळी घेतो आणि दुपारी कुणाच्या बारशाला गेला की जिलेबीही घेतो. मी डोळे वटारले की म्हणतो, "मंग गोळी कायले घेतली? तिले काई काम नको?" वावरात जाताना पायात झिजलेली रबरी स्लीपर. मी चांगले बूट आणून दिले, ते त्याने दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवले आहेत, आल्यागेल्याला दिसतील असे.

मागच्या हंगामात तुरी काढून झाल्या आणि तो रिकामं वावर बघायला गेला. संध्याकाळी मी शाळेतून आले, फरशी पुसली, चहा ठेवला, तेवढ्यात नवरा आला, आणि वळून बघते तर दारापासून खाटेपर्यंत लाल डाग. मला वाटलं, हा खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, खाऊन घरात थुंकला. आमच्या जिल्ह्यात पहिला संशय हाच येतो. मी पाच मिनिटं तोंड सोडलं. तोही तितक्याच जोरात ओरडला, "म्या आज खर्रा खाल्लाच नाई!" खरं बोलायची त्याला फारशी सवय नाही, त्यामुळे मी ऐकून घेतलं नाही. शेवटी तो रागाने पाय वर घेऊन बसला तेव्हा दिसलं. तूर कापल्यावर जमिनीत जो टोकदार खुंट राहतो ना, धसकट म्हणतात त्याला, ते स्लीपरमधून आरपार जाऊन डाव्या अंगठ्याखाली मोडलं होतं. दुपारपासून तो त्याच्यावर चालत होता.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाई न. जराबी नाई," तो म्हणाला, आणि बक्षीस मिळाल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मलाही बरंच वाटलं. दुखत नाही म्हणजे फारसं लागलेलं नाही, असा हिशेब मी केला. शाळेत गणित मीच शिकवते.

चौथ्या दिवशी अंगठा सुजून काळपट झाला आणि घरात वास यायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, अंगठा राहील की काढावा लागेल हे आज सांगता येणार नाही, तीन आठवड्यांनी सांगतो. तोवर रोज स्वच्छ ड्रेसिंग, पाय टेकवायचा नाही, शुगर ताब्यात, आणि जखमेला दुसरं काहीही लावायचं नाही. पाला नाही, हळद नाही, तेल नाही. हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले. आमचं गाव त्यांनी बघितलेलं नसावं, पण तशी पुष्कळ गावं बघितलेली असणार.

परतताना एसटीत माझा नवरा पायाकडेच बघत होता. वर्धा रोडवर कुठेतरी म्हणाला, "अंगठा गेला तं वखरावर पाय कसा देऊ वो?" आमच्याकडे आता वखर ट्रॅक्टरचा आहे, आणि तो ट्रॅक्टरही दुसरा कोणीतरी चालवतो. पण मी ते बोलले नाही. मलाही रडू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

पहिले आले शेजारचे भाऊजी. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. त्यांनी कंबरमोडीचा पाला चोळून आणला होता. कंबरमोडी म्हणजे बांधावर उगवणारं ते पिवळ्या बोंडीच्या फुलांचं झुडूप. लहानपणी माझेही गुडघे त्याच्याच रसाने बरे झाले आहेत, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं आणि हात जोडले. भाऊजी पाला घेऊन निघून गेले. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवरून बातमी फिरून माझ्याकडे आली: "मॅडम शिकेल हाये न, तिले आता आपला पाला घान वाटते." दोन बायांनी माझ्या नमस्काराला मान हलवली नाही.

त्यानंतर मी शाळेत गेलेली पाहून नवऱ्याने कुणाकडून तरी ड्रेसिंगवरूनच हळद-तेलाचा लेप मारून घेतला. सकाळी उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि माझ्यासारख्याच ओरडतात. पिवळी पट्टी बघून त्या आधी त्याच्यावर ओरडल्या, मग माझ्यावर.

"मानूस तीन कोस चालून येते," त्याने मला नंतर समजावलं, "त्याले नाई कसं म्हनू? उद्या मी मेलो तं खांदा कोन देईन?"

तर अशा अडचणीतून मला ती युक्ती सुचली. माझीच. पुढे जे झालं त्यात कुणाकुणाचा हात होता हे सांगताना मी हे आधी कबूल केलेलं बरं.

सकाळी सातला सिस्टर येऊन डाव्या पायाचं ड्रेसिंग करून जात. त्या गेल्या की मी डावा पाय उशीवर ठेवून त्यावर चादर ओढायची. उजव्या पायाला, चांगल्या, धडधाकट उजव्या पायाला, जुन्या धोतराची लठ्ठ पट्टी पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवली होती; सिस्टर असेपर्यंत चादरीखाली लपवलेला तो पाय मग खाटेच्या कडेला मांडून ठेवायचा. लोकांनी यावं, पहावं, लावावं. "पट्टी सोडू नका म्हटलं डॉक्टरनं, वरूनच लावा," एवढं नवऱ्याने म्हणायचं. लेप लागला, वास सुटला, आलेला माणूस खूश, आणि खरी जखम चादरीखाली कोरडी.

माझ्या नवऱ्याला आयुष्यात माझं एवढं कौतुक वाटलं नसेल. तो लहान मुलासारखा खिदळला. कोणी अंगणात आलं की खोकून मला खूण करायचा, कण्हायचा, उजवा पाय दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडे ठेवायचा. भाऊजी परत आले. पाल्याचा गोळा त्यांनी स्वतः पट्टीवर थापला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पन डावा होता न तुया?"

मी घाईने चहाची बशी त्यांच्यापुढे केली. नवरा मात्र शांतपणे म्हणाला, "तुमी त्या दिवशी समोरून पाह्यलं असन, भाऊ. समोरून डावं-उजवं उलटं दिसते."

भाऊजींनी खाटेसमोर उभं राहून, मग बाजूला उभं राहून, हात हलवून खात्री करून घेतली. त्यांना पटलं. जाताना विचारलं, "झोंबून राह्यलं का?" आमच्याकडे औषधाची परीक्षा हीच असते. झोंबलं म्हणजे लागलं.

"नाई. थंडगार वाटते."

"मंग उतरलं खाली," भाऊजी म्हणाले.

दोन आठवड्यांत त्या उजव्या पायाने काय काय अंगावर घेतलं! कडुलिंबाचा वाटलेला पाला, कोरफड, चुना-गूळ, बिडीची राख, देवळातला अंगारा, एकाने तर मिरचीच्या बियांचं काहीतरी. प्रत्येक जण विचारायचा, झोंबतं का, आणि नवरा प्रत्येकाला सांगायचा, अजिबात नाही. मी आत ओढणीत तोंड खुपसून हसायची. काय नट आहे माणूस, असं वाटायचं.

केळापूरकडून ओळखीचे एक कोलाम आदिवासी आजोबा आले, त्यांनी जंगलातला मध आणला होता, गाळलेला, काळसर, भरून बाटली. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, मी सांगितल्याशिवाय तोही नको. म्हणून मी बाटली फडताळात ठेवून दिली. आठवड्याने शुगर तपासली तर चढलेली. सिस्टर मला विचारतात, मी नवऱ्याला विचारते, नवरा देवाला विचारतो. मग मी फडताळ उघडलं. बाटली अर्धी झाली होती.

"पायालेच लावायचं होतं न?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"पायालेच चाल्लं होतं," तो म्हणाला. "पोटातून गेलं तं लौकर पोचते."

मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. अंगठा जातो की राहतो यासाठी मी जीव मुठीत धरून बसले आहे, सकाळी सहाला उठून पाणी उकळते आहे, सगळ्या गावाला फसवते आहे, आणि हा बोट बुडवून मध चाटतो आहे! मला त्याचा सूड घ्यायचा होता. हेही कबूल करते.

आणि दुसऱ्याच दिवशी नेरहून माझ्या नणंदबाई आल्या.

ताई त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा याला ताईंनीच वाढवलं. दोन एसटी बदलून, सत्तरीच्या बाई, हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवीतून सुई, काडेपेटी आणि चार बिबे काढले.

बिबा माहीत नसेल त्याला सांगते: काळं, कडक फळ असतं, पोटात जहाल तेल. सुईला टोचून दिव्यावर धरलं की तेलाचा उकळता थेंब निघतो. काटा मोडला, टाचेला भेग पडली, की आमच्याकडे त्यावर बिब्याचा चटका. कातडी जळते, पण माणूस पुन्हा वावरात जातो. लहानपणी तो चटका ज्याने खाल्ला त्याला मोठेपणीही बिब्याचा वास आला तरी पाय आखडून घ्यावासा वाटतो.

"पट्टी सोडत नाई मी," ताई म्हणाल्या. "काठाकाठानं लावतो. पिकू देत नाई बिबा."

मी थांबवायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण मी मनात म्हटलं, उजवा तर पाय आहे, धडधाकट आहे, बसू दे एक चटका. बोंबलू दे. मध खाल्ला आहे ना! मी चक्क दाराला टेकून उभी राहिले, त्याचं ओरडणं ऐकायला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती आली, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी वरती छताकडे पाहिलं.

ताईंनी बिबा दिव्यावर धरला. थेंब अंगठ्याच्या बुडाशी, पट्टीच्या काठावर पडला. चर्र असा बारीक आवाज आला.

नवरा ताईंच्या तोंडाकडे बघत होता. "झालं का?" त्याने विचारलं.

ताईंनी दुसरा थेंब सोडला. तिसरा.

"लाव न वो बाई," तो म्हणाला. "कवा लावतं?"

मला हसू येत होतं. त्याला मला हरवायचं आहे, म्हणून दात-ओठ आवळून सोसतोय, असंच मी समजले. ताईंनी मात्र सुई खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या त्याच्या पायाकडे बघत राहिल्या, मग पदराने हात पुसत मला म्हणाल्या, "वरडला नाई वो. लहानपनी सुई दिसली तं मारुतीच्या देवळापोत वरडत पळे. हा वरडला काहून नाई?"

"मोठा झाला आता, ताई," मी म्हटलं.

 ताई थोडंच जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी मी उजव्या पायाचं ते धोतराचं भेंडोळं धुवायला सोडलं. अंगठ्याच्या बुडाशी लिंबाएवढा फोड होता, फुटलेला, आणि भोवतीची कातडी काळी. शेजारी, मिरचीच्या बियांच्या जागी, आणखी एक लालभडक चट्टा. तो पाय माझ्या हातात होता आणि त्याचा मालक खाटेवर पेपर वाचत होता.

"दुखतं का रे हे?" मी विचारलं. नवऱ्याला अरे म्हणण्याची माझी पद्धत नाही, पण त्या वेळी तोंडातून तसंच आलं.

"काय?" तो म्हणाला.

मी सिस्टरना फोन केला. त्या आल्या, आणि ओरडल्या नाहीत. हे जास्त वाईट होतं. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं, आणि दोन्ही पायांच्या बोटांना एकेक करून हलकाच हात लावत विचारलं, आता कुठे? आता कुठे? तो प्रत्येक वेळी थोडा विचार करून उत्तर द्यायचा. बहुतेक चुकीचं. त्याची दोन्ही पावलं कधीचीच बधिर झाली होती. डावं काय आणि उजवं काय. ज्याला मी नट समजत होते, तो दोन आठवडे नुसतं खरं बोलत होता. थंडगार वाटते, नाई झोंबत, जराबी नाई.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग बाहेर येऊन सिस्टरना सगळं सांगितलं: धोतराची पट्टी, भाऊजी, अंगारा, बिबा, आणि मी दाराला टेकून उभी होते तेही. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही चांगला पाय कुठून आणला? शुगरमध्ये चांगला पाय नसतोच. दोन्ही पाय सांभाळायचे असतात." मग त्यांनी उजव्या पायाचं ड्रेसिंग केलं. आता आमच्याकडे खरोखरच दोन पट्ट्या होत्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी डावा अंगठा तपासला आणि म्हणाले, राहील. नवऱ्याने खुर्चीत बसल्या बसल्या नमस्कार केला. मग त्यांची नजर उजव्या पायावर गेली. "हे काय?" नवरा लगेच म्हणाला, "हे आमच्या मॅडमनं केलं," आणि इतका हसला की शेवटी डॉक्टरही हसले. मी हसले नाही. डावा अंगठा पुढे महिनाभरात भरून आला. उजवा, माझा, भरायला पावसाळा उजाडला.

ताईंना सांगायला मी स्वतः नेरला गेले. त्यांच्या पाया पडले, आणि सांगितलं की तुमच्या बिब्याने नाही झालं, माझ्या खोडसाळपणाने झालं. त्यांनी मला ओसरीवर शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं काईतरी गेलं म्हनून. पन मी अडानी, मले वाटलं तुले म्हाईत असन."  

गावात अजून वाद चालू आहे. भाऊजी म्हणतात, कंबरमोडीने अंगठा वाचला. देवळातले म्हणतात, अंगाऱ्याने. त्यांना खरं सांगायची माझी हिंमत नाही, आणि नवरा सगळ्यांना हो म्हणतो. खुंटीवरचे बूट मात्र खाली आले आहेत. ताईंचा रोज सकाळी फोन येतो, रामराम नाही, कसे आहात नाही. "पाह्यले का पाय? दोनी?"

तर रोज शाळेत जायच्या आधी आमचा हा खेळ असतो. तो खाटेवर बसतो, खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर ओढतो. मी खाली पाटावर बसून त्याच्या एकेका बोटाला हलकाच हात लावते आणि विचारते, कुठलं? मधे तो फार बरोबर सांगायला लागला. मला आनंद झाला, मग संशय आला. लबाड माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकून अंदाज बांधत होता. मी बांगड्या काढून ठेवल्या.

परवा मी त्याच्या पायाला हातच लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसले आणि विचारलं, "कुठलं?"

दुपट्ट्याखाली तो विचार करत राहिला. मान थोडी तिरपी केली. मला शाळेला उशीर होत होता हे त्याला माहीत होतं, मी काळजी करते हेही.

"करंगळी," तो म्हणाला. "उजवी."

"बरोबर," मी म्हटलं.

"पाह्य. सुदरून राह्यलं न?"

मी चष्मा लावला, दोन्ही पाय मांडीवर घेतले, आणि करंगळीपासून एकेक बोट उघडून बघायला सुरुवात केली.